अंगणातली तार

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला ‘प्रिय’ असं मी कधी म्हटलं नव्हतं. बावीस वर्षं सासू-सून एका चुलीपुढे राबलो, पण हा शब्द आपल्यात कधी आलाच नाही. आज दुसरा सुचेना, म्हणून हाच राहू दे.

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. पत्र आज लिहितेय, कारण परवा सकाळी आपल्या अंगणात तुमची लेक मरता मरता वाचली. आणि त्याच दिवशी मला कळलं, की तुम्ही खरं बोलत होता. मामंजींशी बोलून झालं, ह्यांच्याशी बोलून झालं, वन्संच्या पाया पडून झालं. पण ज्यांना सांगायला हवं त्या तुम्हीच नाही आहात. मग करू तरी काय?

तारेबद्दल लिहितेय मी. अंगणातल्या, कपडे वाळत घालायच्या तारेबद्दल.

गेल्या दसऱ्याच्या आधी वावटळीने गोठ्याचे पत्रे उडाले, आठवतंय ना? ह्यांनी नवे पत्रे आणले आणि स्वतःच वर चढून बसवले. गोठ्यातल्या दिव्याची आणि कडबा कापायच्या मशीनची वायर घरातून तिकडे जाते, तीही त्यांनी त्याच दिवशी नव्याने ओढली, पत्र्याखालून. शिडी मी धरली होती. वरून हे म्हणाले, “सुरेखा, खालनं बघ गं, वायर कुठं दबत न्हाई ना?” माझं दूध चुलीवर होतं. मी नीट वर बघितलंसुद्धा नाही. मीच म्हणाले, “नाही दबत, उतरा आता.”

तुमची कपड्यांची तार आधी गोठ्याच्या मेढीला, लाकडी खांबाला बांधलेली होती. ती तुटलेली होती, म्हणून नवी आणली आणि पत्र्याच्या हुकाला अडकवली. दुसरं टोक शेवग्याला. छान ताणून बसली. तुम्हीच म्हणालात, “आता चादरी जमिनीला घासायच्या न्हाईत.”

चार दिवसांनी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलात. पदराला हात पुसत होतात. “सुरेखा, तार चावती गं.”

“तार काय कुत्रं आहे का आत्याबाई, चावायला?” मी हसले.

“हासू नगं. मुंग्या आल्यावानी व्हतंय. पार कोपरापतुर.”

तेव्हा एकदा उठून बाहेर आले असते तर? बाहेर यायला कितीसा वेळ लागला असता? पण शिवायला घेतलेला ब्लाऊज दुपारी द्यायचा होता, आणि तुमच्या तक्रारींची मला सवय झाली होती. गुडघा, कंबर, पाणी जड, चहा पातळ. त्यातलीच ही एक, असं मी धरून चालले.

पुढे नारायणगावला साखर तपासायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनाही तुम्ही तेच सांगितलंत. ते म्हणाले, साखरेने हातापायांना मुंग्या येतात, गोळी देतो. ते ऐकून आम्हाला किती हायसं वाटलं! कारण सापडलं. पण तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. म्हणालात, “पन डाक्टर, मुंग्या घरात येत न्हाईत. अंगनातच येत्यात.”

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर हसले, हे हसले, मी तर तोंडावर पदर घेऊन हसले. तुमच्या त्या वाक्याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं होतं?

मग तुम्ही तारेवर कपडे घालणंच सोडलंत. शेराच्या कुंपणावर टाकायला लागलात. शेराचा चीक लागून ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी डाग पडले, ते काही केल्या जाईनात. मी तो सदरा तुमच्यापुढे धरला आणि शेजारच्या बायका ऐकत असताना बोलले, “एवढी चांगली तार दारात असताना हे काय? एवढंसं काम होत नसेल तर राहू द्या, मी करीन!”

तुम्ही सदरा माझ्या हातातून घेतलात आणि परत घासत बसलात. त्या दिवसापासून तारेचं नाव तुमच्या तोंडून निघालं नाही.

आत्याबाई, एरवी तुम्ही एका शब्दाला दहा शब्द ऐकवायच्यात. त्या दिवशीच का गप्प बसलात?

माघात तुमचे पाय सुजले, आणि मंचरच्या दवाखान्यातून तुम्ही परत आलाच नाहीत. मूत्रपिंडं गेली होती, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. त्या सगळ्याबद्दल आज लिहीत नाही. मला पुढचं सांगायचंय.

तेराव्याला घर भरलेलं असताना पुढच्या सोप्यातल्या जुन्या फ्युजमधून धूर निघाला. मामंजी म्हणाले, “पयलं हे बदला. आजून कुनाचं तेरावं नगं.” म्हणून बेल्ह्याच्या पोपट वायरमनला बोलावलं. त्यांनी सगळी जुनी खोकी काढून नवा बोर्ड बसवला. त्यात एक जरा मोठं बटण आहे. ते दाखवून म्हणाले, “वहिनी, करंट वायर सोडून दुसरीकडं जायला लागला, मान्सात न्हाईतर जमिनीत, की हे आपोआप खाली पडनार आनि घरातली समदी लाईट जानार. घाबरायचं न्हाई. जीव वाचवायला ठेवलंय.”

महिनाभर ठीक गेलं. मग चैत्रात ऊन तापलं तसं ते बटण पडायला लागलं. पंखा चालता चालता थांबायचा. वर करावं तर लगेच बसायचं, दिवसभर ठीक. दोन-तीन दिवसांनी पुन्हा खाली. कधी उचललं तरी टिकायचंच नाही, तासाभराने टिकायचं. काय म्हणायचं ह्याला?

ह्यांचा पहिला संशय माझ्या शिलाई मशीनच्या मोटरवर. आठ दिवस मशीन पायाने चालवली. तरी बटण पडलं. मग मिक्सर, मग फ्रिज. पोपटरावांनी फोनवर सांगितलं, “समदी बटनं बंद करा, मग एकेक चालू करत या. ज्याला पडंल त्यो चोर.” मी एकेक चालू करत गेले आणि एकालाही पडेना! गोठ्याची लाईन म्हणून गोठ्यातलं बटण बंद ठेवून बघितलं. दुसऱ्या दिवशी तरीही पडलं. म्हणजे गोठाही सुटला, असं आम्ही मानलं.

हे वैतागले. कांदा काढणीला आलेला, त्यात रोज सकाळी कडब्याची कुट्टी मशीन मध्येच बंद पडायची भीती, जनावरं हंबरत उभी. “हे बटनच खराब हाय. काढून टाकतो मी.”

मी पोपटरावांना फोन लावून दिला. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. “दादा, काढू नका. बटन पडतंय म्हंजी ते त्याचं काम करतंय. करंट कुठंतरी जातोय. मी अखितीनंतरच्या शुक्रवारी येतो, तवर कळ काढा.”

त्या दिवसापासून मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. बटण पडलं की त्या तारखेला पेन्सिलीने फुली. खरं सांगू? मला भीती वाटायला लागली होती. घरात काहीतरी फिरतंय आणि ते कुठे आहे हे आपल्याला दिसत नाही. फ्रिजला हात लावतानाही मी आधी उलटं बोट लावून बघायची.

अखितीसाठी, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मंगल वन्सं डिंगोऱ्याहून आल्या. तुमच्यामागे पहिलाच सण. आल्या आल्या आमचं वाजलं. तुमच्या लुगड्यांची गोधडी त्यांना न्यायची होती आणि मी म्हणाले, मामंजी ती रोज अंथरतात, राहू द्या. त्या म्हणाल्या, “माज्या आईच्या वस्तूला आता तुला इचारायचं?” दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो.

परवा सकाळी वन्संनी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. अंगणातल्या दगडावर त्यांचं धोपटणं चाललं होतं. मामंजी देवळाकडे गेलेले. आणि ह्यांनी शेतात जाण्याआधी काय केलं माहीत आहे? बोर्ड उघडून, वायरचा एक तुकडा लावून, ते बटण मधून काढून टाकलं. “डायरेक्ट केलंय. आज कुट्टी व्हऊ दे, पोपट सांजच्याला येनारच हाय.” मी नको नको म्हणाले. पण ते निघून गेले.

मी शिलाई मशीनवर बसले. समोर भिंतीला कॅलेंडर. दोरा ओवताना नजर फुल्यांवर गेली. सोमवार, शुक्रवार. पुन्हा सोमवार. मध्ये एक गुरुवार, तो पाहुणे गेल्यानंतरचा. त्या दिवशी मी चादरी धुतल्या होत्या.

हात थांबला. सोमवारी मामंजींची धोतरं असतात. शुक्रवारी माझ्या साड्या. ज्या ज्या वेळी बटण पडलं, त्या त्या वेळी मी घरात नव्हतेच. बाहेरून येऊन बघायची तर पंखा थांबलेला असायचा. मी कुठे असायची? अंगणात. काय करत असायची?

लांब ओली धुणी तारेवर घालत असायची. तार आता ओझ्याने झोळली होती, त्यांचे काठ खाली ओल्या दगडाला टेकायचे. आणि तार पत्र्याला. आणि पत्र्याखालून वायर. गोठ्यातलं बटण बंद केलं तरी वायरमध्ये तिथवर करंट असतोच की!

“अंगनातच येत्यात.” तुम्ही शेजारी उभं राहून बोलावं तसं ऐकू आलं मला. मी रबरी चपला घालून कपडे वाळत घालते. तुम्ही तुळशीच्या अंगणात कधी चप्पल घातली नाहीत.

आणि तेवढ्यात बाहेरचं धोपटणं थांबलं.

मी दारात धावले. वन्सं तुमची गोधडी खांद्यावर घेऊन तारेकडे निघाल्या होत्या. अनवाणी. गोधडीतून पाणी गळत होतं, साडी पोटरीपर्यंत भिजलेली, पायाखाली सगळा चिखल. तारेपासून दहा पावलांवर असतील.

“वन्सं, तारेला हात लावू नका!”

त्यांनी मान वळवली. “का गं? आईची गोदडी वाळत घालायला बी तुजी परवानगी पायजे का?”

“करंट आहे! तारेत करंट आहे!”

“काय बी बोलू नगंस.” आणि त्या आणखी रागाने, आणखी भरभर चालायला लागल्या.

मी एक पाऊल पायरीवरून खाली टाकलं आणि थांबले. धावून पोचले असते का? आणि पोचले असते तरी ओल्या बाईला धरून मी काय करणार होते? बोर्ड माझ्या मागे होता, दाराच्या आत. पण पाठ फिरवली तर त्या दिसणार नाहीत. आत्याबाई, ती पाठ फिरवणं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

वळले. बोर्डाचं झाकण हाताला लागेना. लागलं तर उघडेना, बोटं घामाने सटकत होती. उघडलं आणि मेनचं बटण सगळा जोर लावून खाली ओढलं. बाहेर ‘थप्प’ असा आवाज झाला. आधी पंखा थांबायला लागला की आधी गोधडी तारेवर पडली, हे मला आजही सांगता येत नाही.

मग काहीच ऐकू येईना.

“वन्सं!”

बोर्ड तसाच सोडून मी वळले.

“मंगल वन्सं!”

मी भिंत धरून दारात आले. वन्सं तारेपाशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी तार घट्ट धरलेली. हलत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

“आता काय झालं वराडायला?” त्या म्हणाल्या.

मी पायरीवरच बसले. मला रडताना बघून त्या गोधडी तशीच सोडून आल्या. “वैनी, काय झालं? अगं, बोल की!” मी त्यांचे हात उलटेपालटे करून बघत होते. लाल होते, पाण्याने सुरकुतलेले. बाकी काही नव्हतं.

हे दुपारी आले आणि मेन बंद बघून भडकले. “जनावरांनी काय खायाचं?” मी बोर्डापुढे उभी राहिले. म्हणाले, “पोपटराव येईपर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा.” बावीस वर्षांत मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. ते मागे वळले आणि विळ्याने हातानेच कडबा तोडत बसले.

ऊन कललं तसे पोपटराव आले. सगळ्यांना ओट्यावर उभं केलं. पायात रबरी बूट, हातात वायरी लावलेला एक साधा बल्ब. एक वायर बाहेरच्या अर्थिंगला जोडली, दुसरी तुमच्या तारेला टेकवली. म्हणाले, “वहिनी, मेन द्या.”

मी मेन वर केलं. बल्ब लख्ख पेटला.

भर उजेडात तो बल्ब आम्ही चौघं बघत राहिलो. पोपटरावांनी मला मेन पाडायची खूण केली आणि शिडी लावून वर गेले. पत्र्याच्या कडेने वायर कापली गेली होती, उन्हाने पत्रा तापून ताणला तशी आणखी आत. बोटभर जागेत नुसतं तांबं. ते म्हणाले, “मेढी सागाच्या, तार झाडाला. करंटला जमिनीत जायला वाटच न्हवती. कुनीतरी ओल्या पायानं धरायचीच वाट बघत व्हता. उन्हाळा हाय म्हनून वाचलो. पावसाळा असता तर…” पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मामंजी खाली बसले. “ती मला म्हनत व्हती. मी म्हनलो, म्हातारचळ लागलाय तुला.”

वन्सं रडत होत्या. “मला फोनवर सांगितलं व्हतं आईनं. मी म्हनलं, वैनी सांगती तसं करत जा.”

हे गव्हाणीच्या कडेवर बसून नुसतं वर बघत होते. मग म्हणाले, “वायर मीच वढली व्हती.” मी म्हणाले, “आणि शिडी मी धरली होती.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली. एवढंच. पण आम्ही दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं नाही.

काल मी नारायणगावच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्या तारेने तुमचं दुखणं वाढलं का? ते म्हणाले, नाही, मूत्रपिंडं साखरेनेच गेली, ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. मग म्हणाले, “‘अंगणातच येतात’ असं म्हणाल्या होत्या त्या, नाही का?” त्यांना आठवत होतं.

संबंध नाही हे ऐकून जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. कारण तुम्ही शेवटचे चार महिने आपल्याच अंगणात भीत भीत वावरलात, आणि घरात माणसं असून तुमची भीती एकटीची राहिली. ह्याला कुठला डॉक्टर काय म्हणणार?

तुमच्यावर माझा थोडा रागही आहे, लिहूनच टाकते. एकदा माझा हात धरून त्या तारेला लावायचा होतात! नाही, लावला नाहीत तेच बरं. तुम्ही लावला नसताच. कुंपणावर कपडे टाकत होता ते स्वतःला वाचवायला, की मी त्या तारेकडे जाऊ नये म्हणूनही? मी एकदा धुण्याची टोपली उचलली तर तुम्ही ती माझ्या हातातून हिसकावून घेतली होतीत. तेव्हा मला वाटलं, म्हातारीला माझं काम पसंत नाही. आता विचारणार कुणाला?

तार परवाच काढली. गोठ्याची वायर पोपटरावांनी पाईपमधून नेली, पत्र्याला अर्थिंग दिलं, ते बटण पुन्हा जागेवर बसवलं. वन्सं आज सकाळी डिंगोऱ्याला गेल्या. गोधडी मीच त्यांच्या पिशवीत भरली, मामंजींनीच तसं सांगितलं. जाताना त्या माझ्या गळ्यात पडल्या. आम्ही दोघी अशा कधी भेटलो होतो, मला आठवत नाही.

मी आपल्या निमगावात घरोघरी सांगत फिरतेय, की तार पत्र्याला बांधू नका. काहीजणी ऐकतात. काहीजणी, मी हसले होते तशाच हसतात. फिरणं मी थांबवणार नाही.

आणि तुम्हाला एक वचन देते. ह्या घरात ह्यापुढे कुणी म्हणालं की मला काहीतरी होतंय, तर मी आधी उठून बघायला जाईन. हसणं, डॉक्टर, वय, सवय, हे सगळं नंतर.

आठ दिवस झाले, मामंजी म्हणतायत की डाव्या डोळ्यापुढं कोळिष्टक हलतंय. आम्ही म्हणत होतो, चष्मा पुसा. आज दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “मला दाखवा, नेमकं कुठे दिसतं?” उद्या सकाळच्या एसटीने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेतेय. ते म्हणाले, “उगं कशाला, पुसलाय की चष्मा.” पण मग त्यांनी बोट उचललं आणि हवेत एका जागी धरलं. “हितं. आता खाली आलं. आता हितं.” मी त्यांच्या बोटामागे बघत राहिले.

मला काही दिसलं नाही, आत्याबाई. पण ते तिथे आहे.

तुमची सून,
सुरेखा